सगळ्यांना एकच काळी चार कशाला?

काकू, नमस्कार. मी सांगलीत विश्रामबागला राहते, वय ३६, गायनात विशारद केलंय आणि दोन वर्षं झाली घरीच हॉलमध्ये गाण्याचा क्लास घेते. संध्याकाळी सहा ते सात अशी एकच बॅच, कारण नंतर स्वयंपाक, मुलांचा अभ्यास. आधी सात जण होते, आता चारच उरलेत. एक सहा वर्षांची छोटी, एक नववीतला मुलगा, एक पंचेचाळिशीच्या वहिनी ज्यांनी लग्नाआधी प्रवेशिका पूर्णपर्यंत केलं होतं, आणि एक रिटायर्ड काका, वय ६८. मला माझ्या बाईंनी शिकवलं तसंच मी शिकवते, आधी अलंकार, म्हणजे स्वरांचे पलटे, मग भूप राग. पेटी काळी चारला धरते, म्हणजे सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीला सा, माझी पट्टी तीच आहे. पण छोटीला दहा मिनिटांत कंटाळा येतो, मुलगा म्हणतो मला कीबोर्डवर पिक्चरची गाणी शिकवा, वहिनी मागं बसून नुसते ओठ हलवतात, आणि काका बेसूर होतात, मग त्यांचं त्यांनाच इतकं वाईट वाटतं की दोन दिवस येत नाहीत. छोटीची आई दर आठवड्याला विचारते परीक्षा कधी. फी सगळ्यांना महिना ५०० आहे. काय चुकतंय? आणि तानपुरा मोबाईलच्या ॲपवर लावते, ते चालतं ना?
– सूर हरवलेली, विश्रामबाग

अगं सूर हरवलेली,

तुझा सूर कुठं हरवलाय, हरवलाय तो काकांचा, आणि तो तूच काळी चारखाली दाबून ठेवलायस. चिडू नको, आधी ऐक.

काळी चार ही तुझी पट्टी, चांगलीच आहे, बायकांना साधारण तिथंच बरं पडतं. पण ६८ वर्षांच्या पुरुषाला तू काळी चारचा सा दिलास तर त्यानं जायचं कुठं? वरचा सा लावायला गेला की गळ्याच्या शिरा ताणतात आणि आवाज चिरकतो, घाबरून खालच्या सप्तकात उतरला की नुसती घरघर. मधल्या मधे कुठंतरी धरून बसायचं म्हटलं तर तिथं सा नाहीच, तिथं बेसूरच व्हायला होतं. आणि क्लासमधल्या पोराटोरांसमोर बेसूर झालं की या वयाचा माणूस दोन दिवस काय, कायमचाच यायचा बंद होतो. तुझे जे तीन गळालेत ना, त्यात पुरुष किती होते ते आठवून बघ एकदा.

आता उद्या काय करायचं ते सांगते. काकांना एकट्याला बोलव. चहा दे, गप्पा मार, गळा जरा बोलून मोकळा होऊ दे. मग पेटीवर हळूहळू खाली खाली उतरत जा आणि त्यांना फक्त आकार, म्हणजे नुसता आ, लावायला सांग, शब्द नको. जिथपर्यंत आवाज स्वच्छ येतोय, घोगरा होत नाही, तिथं थांब. तो झाला त्यांचा मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला प. तिथून पाच पट्ट्या वर मोजायच्या, काळ्या पांढऱ्या सगळ्या धरून, तिथं त्यांचा सा. समजा खालच्या सप्तकातली काळी चार त्यांना स्वच्छ आली, तर त्यांचा सा पडतो काळी एकला. म्हणजे बघ गंमत, ज्या काळी चारला तू त्यांच्याकडून सा मागत होतीस, ती त्यांच्या गळ्यातली पंचमाची जागा होती. मग वर जाऊन तार गंधार मध्यमापर्यंत, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ग म पर्यंत, त्रास न होता पोचतात का बघायचं, पोचले तर पट्टी बरोबर, नाही तर अर्धी पट्टी इकडं तिकडं. दहा मिनिटांचं काम आहे गं, पण कुणी करत नाही, कारण पेटी आपल्या पट्टीला बसलेली असते आणि बोटांना तीच सवय.

आणि काळी चार नि काळी एकचं नातंही मजेशीर आहे, तू विशारद आहेस म्हणून सांगते, तुझा जो मध्यम तोच काकांचा षड्ज, म्हणजे तुझा म तो त्यांचा सा. बाई आणि पुरुष दोघंही आपापल्या पट्टीत राहून, दोन वेगळे राग एकाच वेळी गातात तो जसरंगीचा प्रकार पंडित जसराजांनी याच हिशोबावर बसवला. तुझ्या हॉलमध्ये जसरंगी करायला नाही सांगत मी, एवढंच म्हणते की मोठमोठे गवई सुद्धा बाईला पुरुषाच्या पट्टीत ओढत नाहीत, मग आपण शेजारच्या काकांना कशाला ओढायचं.

हे मलाही उशिराच कळलं बरं का. माझं घर गावभागात, ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्या घरातही छातीएवढं होतं. पेटी माळ्यावर टाकायची राहिली, नेसत्या कपड्यांनिशी बाहेर पडलो. परत आलो तर भात्याचं चिकटवलेलं सगळं सुटलेलं, आतले पितळी सूर हिरवे पडलेले, पेटी उघडली तर चिखलाचा वास. तीन महिने माझ्याकडं पेटीच नव्हती, नुसत्या तंबोऱ्यावर क्लास घेतला, आणि तेव्हा लक्षात आलं की माझे निम्मे विद्यार्थी गात नव्हतेच मुळी, पेटीच्या मागं मागं फरफटत होते. पेटी गेली तशी एक दोघं पार उघडी पडली आणि एक दोघांचा गळा पहिल्यांदा ऐकू आला. तेव्हापासून प्रत्येकाच्या वहीच्या पहिल्या पानावर त्याची पट्टी लिहून ठेवते, दवाखान्यात ब्लडग्रुप लिहितात तसं.

तर काकांना काय शिकवायचं. त्यांना विचारलंस का कधी की तुम्हाला गाणं कशाला शिकायचंय? मला वाटतं नसशील विचारलं. पैज लावते, एकादशीला देवळात भजनी मंडळ बसतं, त्यात एक अभंग आपण म्हणावा, टाळकऱ्यांनी मागून उचलावा, एवढीच इच्छा निघेल. मग तो अभंगच घे की पहिल्या दिवसापासून. भूपातली किंवा भीमपलासातली चाल असेल अशी निवड, भजनी ठेका आठ मात्रांचा, हातानं टाळी धरायला लाव, आणि ज्या ओळीत ते अडकतात त्या ओळीतले स्वर काढून त्याचाच अलंकार कर. म्हणजे अलंकार झालाच, फक्त मागच्या दारानं आला. शब्द मोठ्या अक्षरात लिहून दे, चष्मा लावून सुद्धा बारीक वहीतलं दिसत नाही. आणि मांडी घालून बसायची सक्ती नको, खुर्ची दे. गुडघे दुखत असताना कुणाचा श्वास लांब पुरत नाही.

आता तुझं मूळ दुखणं सांगू? तू लिहिलंयस ना, मला शिकवलं तसंच मी शिकवते. तू चौघांनाही तुझं लहानपण शिकवतेयस गं. तू नऊ दहा वर्षांची असशील, घरात गाण्याचं वातावरण असेल, बाई कडक असतील, आणि तुला ते आवडलं म्हणून तू विशारदपर्यंत टिकलीस. तुझ्याबरोबर त्या सतरंजीवर बसलेल्या बाकीच्या मुली कुठं आहेत आज? त्या पद्धतीनं जी टिकली तीच पुढं शिकवायला बसते, म्हणून तिला ती पद्धत बरोबरच वाटते.

छोटीचं घे. सहा वर्षांच्या पोरीला एक तास सतरंजीवर बसवायचं म्हणजे शिक्षा आहे, वीस पंचवीस मिनिटं बास. तुझ्या हॉलमधल्या फरशीवर खडूनं ओळीत आठ चौकोन काढ, सा रे ग म प ध नि सा लिही, आणि म वर नि नी वर मोठ्ठी फुली मार. आता हिनं सा वर उभं राहून सा म्हणायचं, रे वर रे, ग वर ग, मग फुलीवरनं उडी मारून थेट प वर, ध, परत उडी, वरचा सा. उतरताना तसंच उलटं. भूप झाला! आरोहात अवरोहात म नि वर्ज्य हे तिला वहीत लिहून दिलंस तर ती उद्या विसरेल, उडी मारलेली नाही विसरणार. माझ्याकडची एक तर घरी जाऊन जिन्याच्या पायऱ्यांवर खडूनं करायला लागली, तिसरी पायरी झाली की चौथी सोडून थेट पाचवी, आजी पडता पडता वाचली. तिच्यासाठी पेटी उघडूच नको सुरवातीला, तू गा, तिनं ऐकून म्हणायचं. आणि टाळ्या. दादरा सहाचा, केरवा आठचा, टाळीनं आणि पायानं. एवढंच सहा महिने. तिचं गाणं त्यातच आहे.

नववीतल्या पोराचा मामला मात्र नाजूक आहे आणि तू पत्रात त्याच्या आवाजाबद्दल एक शब्द लिहिला नाहीस, फक्त कीबोर्ड कीबोर्ड. अगं त्याचा कंठ फुटत असणार. या वयात मुलांचा कंठमणी वाढतो, आतल्या स्वरतंतूंची लांबी जाडी वाढते, आवाज खाली यायला लागतो आणि अधनंमधनं मधेच फाटतो. काहींचं काही महिन्यांत निभावतं, काहींना वर्ष दोन वर्षं लागतात. गेल्या वर्षी काळी चारला गोड गाणारं पोरगं या वर्षी त्याच पट्टीत चारचौघांसमोर फाटलं की त्याला मेल्याहून मेल्यासारखं होतं, आणि मग तो म्हणतो मला गायचंच नाही, मला कीबोर्ड शिकवा. कळलं का कीबोर्ड कुठनं आला? सगळ्यांचंच असं असेल असं नाही, पण आधी हेच तपास. ओरडून गाऊ देऊ नको, पिक्चरमधल्या उंच ताना तर अजिबात नको, दर दोन महिन्यांनी पट्टी परत काढ, आणि थोडंच गाऊन घे, हलक्या आवाजात, मधल्या सप्तकात. बाकीचा वेळ त्याला पेटी दे. तबल्याचे बोल तोंडानं म्हणायला लाव, त्रिताल सोळा मात्रांचा हातावर दुप्पट करून दाखव म्हणावं, या वयाच्या पोरांना असलं चॅलेंज फार आवडतं.

आणि पिक्चरचं गाणं शिकवायला लाज कसली गं? त्याला आवडतं ते गाणं घे, त्याचे स्वर त्यालाच कानानं शोधू दे, पहिल्यांदा एका ओळीला अर्धा तास लागेल, महिन्याभरात पाच मिनिटांवर येतो. कान तयार होतो तो असाच. फक्त एक स्पष्ट बोल, कीबोर्डवर दोन्ही हातांनी कॉर्ड धरून वाजवायचं असेल तर ते मला येत नाही, त्यासाठी ते येणाऱ्या माणसाकडं जा, असं. उगीच यूट्यूब बघून रात्री शिकायचं नि सकाळी त्याला शिकवायचं असलं करू नको, पोरं हुशार असतात, दुसऱ्याच क्लासला ओळखतात. मी गिटारच्या बाबतीत केलंय हे, एका आठवड्यात फजिती झाली.

वहिनींबद्दल वाचून माझ्या पोटात कालवलं खरं सांगायचं तर. प्रवेशिका पूर्ण म्हणजे तीन परीक्षा दिलेली बाई, वीस एक वर्षं ओट्यापुढं उभी राहिलेली, आणि तू तिला सहा वर्षांच्या पोरीशेजारी बसवून सा रे ग, रे ग म करायला लावतेस. ओठ हलवणार नाही तर काय करणार. तिला सगळं आठवतंय, गळा ऐकत नाही, आणि आपला आवाज पूर्वीसारखा राहिला नाही हे तिचं तिला सगळ्यात आधी कळतंय. बायकांचाही आवाज वयानं थोडा खाली येतो, तेव्हा तिची जुनी पट्टी काळी चार असली तरी आज पांढरी पाच किंवा काळी तीन निघेल, आणि ते तिला सरळ सांग, कमीपणा नाही त्यात. तिला संध्याकाळी नको, सकाळी अकराला बोलव, घरातले सगळे डबे घेऊन बाहेर पडल्यावर. सुरवात तिनं लग्नाआधी केलेल्या एखाद्या बंदिशीनं कर. विचार की, तुम्हाला कुठली आठवते? दोन ओळी तरी आठवतातच. तिसरी ओळ तू म्हण, चौथी ती म्हणेल. आधी तिला रडू येईल बहुतेक, आलं तर येऊ दे, तू तंबोरा चालू ठेव.

परीक्षेचं काय. हे बघ, छोटीच्या आईला प्रेमानं सांग की परीक्षा कुठं पळून जात नाहीत. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातनं दोनदा असतात, प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात पायऱ्या, पोरगी आठ नऊ वर्षांची झाली की बघू. नववीतल्याच्या घरी मात्र आधीच विचारून घे, दहावीला शास्त्रीय गायन वादनाच्या परीक्षांचे वाढीव गुण असतात म्हणून बरेच जण येतात, पण त्यासाठी किती परीक्षा पास लागतात आणि कागद कधीपर्यंत द्यायचे ते शाळेत विचारून घ्यायचं, आणि नववीत सुरू करून ते बसतंय का हे खरं खरं सांगायचं. काका वहिनींना परीक्षेचं नाव पण काढू नको त्यांनी स्वतःहून काढेपर्यंत.

मी परीक्षांच्या विरोधात आहे असं समजू नको. आपल्याच भागातलं आहे ते. गायक विष्णु दिगंबर पलुस्कर बुवा कुरुंदवाडचे, शिकले मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं, आणि १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. एका गुरूपुढं एक शिष्य वर्षानुवर्षं बसायचा त्या काळात त्यांनी वर्ग काढले, क्रमिक पुस्तकं काढली, स्वरलिपी बसवली, कारण त्यांना गाणं घराघरात न्यायचं होतं. १९३१ ला ते मिरजेतच गेले आणि त्याच वर्षी शिष्यांनी हे परीक्षा घेणारं मंडळ स्थापन केलं. ज्याला चढायचंय त्याला जिना करून दिला त्यांनी, फार मोठं काम. पण तुझ्या काकांना माडीवर जायचंच नाहीये, ओसरीवर बसून अभंग म्हणायचाय.

वेळेचं नि फीचं पटकन. छोटी आणि मुलगा संध्याकाळी, पण वेगवेगळे, सहा ते साडेसहा नि साडेसहा ते सात, आठवड्यातून दोनदा. काका वहिनी सकाळी, तेही वेगळे. तुझे एकूण तास वाढतात थोडे, तेव्हा एकेकट्याला शिकवायची फी ५०० ठेवू नको, वाढव, आणि महिन्याच्या सुरवातीला घे. लाजू नको. दळण आणायला गेलीस तर गिरणीवाला नंतर द्या म्हणतो का?

आणि मग एकत्र बसणं एकदम बंद करू नको, ते महिन्यातून एकदा, शेवटच्या रविवारी. काकांनी अभंग म्हणायचा त्यांच्या काळी एकला, छोटीनं झांज धरायची, मुलानं पेटी वाजवायची, म्हणजे त्याला आपोआप पट्टी बदलून वाजवायला शिकावं लागतं, वहिनींना वाटलं तर गातील नाही तर ऐकतील. असा एखादा रविवार सगळ्यांना घेऊन मिरजेला जा, सतारमेकर गल्लीत. तिथं भोपळ्याचा तंबोरा कसा होतो ते छोटीला दाखव, भोपळे येतात मंगळवेढा पंढरपूरच्या बाजूनं, वाळवून कापून ठेवलेले असतात रांगेनं, आत डोकं घालून सा लावला की घुमतो. मिरजेच्या सतार तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, पण आपल्या सांगलीतल्या निम्म्या लोकांनी ती गल्ली बघितलेली नसते. तिथंच पलीकडं मीरासाहेबांचा दर्गा, किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब यांची आठवण म्हणून उरसात तिथं चिंचेखाली गाणं होतं, रात्रभर, फुकट. वहिनींना ते जरूर ऐकव.

राहिलं तुझं ॲप. चालतं गं, मी पण वापरते प्रवासात. पण मोबाईलच्या स्पीकरमधनं खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची, तार ऐकूच येत नाही, नुसती वरची झिणझिण येते आणि विद्यार्थ्याला टेकायला काही मिळत नाही, तेव्हा छोटा का होईना बाहेरचा स्पीकर जोड. प्रत्येकासाठी पट्टी बदलायला विसरू नको, ॲपमध्ये ते एका बोटाचं काम आहे. आणि फोन फ्लाइट मोडवर टाक आधी. माझ्याकडं एकदा एक आजोबा डोळे मिटून छान सा लावून बसलेले, आणि मधेच स्पीकरवर गॅसवाल्याचा फोन.

– काकू